स्वस्त दुकान आणि लहान गाव
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



किरकोळ व्यापारातील मक्तेदारीविषयी बोलू लागलो की प्रश्न येतो : मोठ्या दुकानात माल स्वस्त मिळत असेल, तर श्रमिकाने विरोध का करावा? या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. तुटपुंज्या पगारात घर चालविणाऱ्याला दोन पैशांची बचत ही गरज आहे. तेव्हा ग्राहकाला दोष न देता, ही स्वस्ताई येते कोठून आणि तिची भरपाई कोण करतो, हे तपासले पाहिजे.

अमेरिकेत १९६२ साली आर्कान्सा राज्यातील रॉजर्स या लहान गावी सॅम वॉल्टन यांनी वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले. इतर बड्या कंपन्यांचे लक्ष शहरांवर होते. वॉल्टन यांनी लहान गावे निवडली. एका गोदामाच्या टप्प्यातील गावांत दुकाने काढावयाची, प्रचंड खरेदीच्या बळावर कारखानदाराकडून भाव पाडून घ्यावयाचा, ही त्यांची पद्धत. आयोवातील अर्थतज्ज्ञ केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकापासून याचा अभ्यास केला. दुकान येते त्या गावाची एकूण विक्री वाढते. परंतु तोच माल विकणारे स्थानिक दुकानदार आणि आसपासची लहान गावे यांची विक्री घटते, असे त्यांना आढळले.

पुढे काय होते? उत्तर कॅरोलायनातील ओरिएंटल हे सुमारे नऊशे वस्तीचे गाव. २०१४ साली तेथे वॉलमार्टचे छोटे दुकान आले. चाळीसहून अधिक वर्षे चाललेले गावातील किराणा दुकान २०१५ मध्ये बंद पडले. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने जगभरातील २६९ दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. त्यांत ओरिएंटलचेही होते. गावाने प्रथम आपले दुकान गमावले, नंतर परक्याचेही. कारण दुकान उघडावे की मिटावे, हे गावाची गरज ठरवीत नाही. दूरच्या कचेरीतील नफ्याचा हिशेब ठरवितो.

आता या दुकानांतील कामगार पाहा. कॅनडातील जाँकिएर येथील कामगारांना २००४ साली युनियनची मान्यता मिळाली; २००५ साली कंपनीने ते दुकानच बंद केले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निर्णय दिला, तो २०१४ साली. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२० च्या अहवालात, सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या कामगारांच्या मालकांमध्ये वॉलमार्ट अग्रभागी आढळते. म्हणजे कंपनी जी मजुरी देत नाही, तिची तूट जनता करातून भरून काढते. स्वस्ताईची खरी वही ही आहे!

आपल्या देशात २०१२ साली बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत विदेशी भांडवलास परवानगी देण्यात आली. त्याविरुद्ध २० सप्टेंबर रोजी डावे पक्ष व व्यापारी संघटना रस्त्यावर उतरल्या. परंतु भांडवलाला एक दार बंद झाले की ते दुसरे शोधते. २०१८ साली वॉलमार्टने फ्लिपकार्टचे सुमारे ७७ टक्के भाग विकत घेतले. आता दुकानासाठी गावाबाहेर जमीनही लागत नाही.

येथे भाबडेपणा नको. संपाच्या दिवसांत उधारीवर धान्य देणारा वाणी आपल्या ओळखीचा आहे; पण बारा-बारा तास पोराला राबविणारा आणि टंचाईत साठा दडविणाराही आपण पाहिला आहे. लहान दुकानदार हा डोलणारा वर्ग आहे. मक्तेदारीविरुद्ध त्याला बरोबर घ्यावयाचे, आणि त्याच्या नोकराच्या किमान वेतनाचा आग्रहही सोडावयाचा नाही.

म्हणून केवळ ‘परत जा’ ही घोषणा अपुरी आहे. रेशनव्यवस्था बळकट करणे, ग्राहक सहकारी भांडारे उभारणे, आणि दुकान, गोदाम व घरपोच माल पोहोचविणाऱ्या कामगारांची संघटना बांधणे, ही तीन कामे एकत्र झाली पाहिजेत. इंदूर असो, बडोदा असो वा बेळगाव, प्रत्येक शाखेने आपल्या गावातील बाजारपेठेची पाहणी करावी : किती दुकाने मिटली, त्यांतील माणसे कोठे गेली, आज किती मजुरीवर राबतात. कामगाराला स्वस्त धान्य हवे आहे, हे खरेच. पण ते त्याच्याच भावाच्या मजुरीतून कापलेले नसावे.