गँगमन ‘अकुशल’ कसा?

(विद्यापीठातल्या मराठी विद्यार्थ्यांच्या वाचनगटापुढे दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, रेल्वेची लाइन सांभाळणाऱ्या कामगारांवर मी पीएचडी करते, म्हणून तुम्ही मला बोलावलंत. दुसरं कारणही आधीच सांगून टाकते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बत्तीस वर्षं गँगमध्ये होते. त्यातली शेवटची चौदा वर्षं कीमन, म्हणजे चावीवाले. माझं लहानपण गँगचाळीत गेलं. त्यामुळे आज जे सांगणार आहे त्यातलं काही पुस्तकांतलं आहे, काही फील्डवर्कमधलं आणि काही घरातलं.

सुरुवात एका चुकीपासून करते. चूक माझी आहे. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की, रेल्वेमार्गाच्या देखभालीचं काम प्रामुख्याने अकुशल मजूर करतात. मी वाचलेल्या लेखनात तसंच होतं, मीही तसंच उतरवलं. सुट्टीत घरी गेले तेव्हा अण्णांना ते मराठीत सांगून दाखवलं. त्यांनी विचारलं, अकुशल म्हणजे काय गं? मी म्हटलं, जे काम करायला वेगळं शिकावं लागत नाही, कुणीही करू शकतं, ते. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग मी रजेवर गेलो की मुकादम माझ्या बीटवर कुणालाही का धाडत नव्हता?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज मी त्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे.

आधी काम काय असतं ते पाहू. आपण गाडीत बसतो तेव्हा इंजिन दिसतं, तिकीट तपासणारा दिसतो, स्टेशन मास्तर दिसतो. खिडकीतून केशरी कपड्यांतली माणसं क्षणभर दिसतात आणि मागे जातात. पूर्वी त्यांना गँगमन म्हणत, मग ट्रॅकमन झालं, आता कागदावर ‘ट्रॅक मेंटेनर’ आहे. चाळीत अजून गँगमनच म्हणतात.

गँगकडे लाइनचा एक ठरावीक तुकडा असतो. खडी भरायची, स्लीपरखाली ती ठासायची, रूळ सरळ आणि योग्य उंचीवर ठेवायचे, दोन रुळांमधलं अंतर जपायचं. ब्रॉडगेजवर हे अंतर १६७६ मिलिमीटर असतं. आता मोठी यंत्रं आली आहेत, ती खडी ठासतात. पण लाइन रोज डोळ्यांखालून घालायचं काम आजही माणूसच करतो, तेही पायी.

तो माणूस म्हणजे चावीवाला. पूर्वी रूळ स्लीपरला पाचरीसारख्या लोखंडी चाव्यांनी आवळलेले असत. सैल झालेल्या चाव्या ठोकत जायचा, म्हणून तो चावीवाला. आता काँक्रीटचे स्लीपर आहेत आणि चावीच्या जागी वाकवलेली पोलादी क्लिप आहे. नाव मात्र तेच राहिलं. तो रोज सकाळी हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी आणि पटाखे घेऊन निघतो. जाताना एका रुळावर नजर ठेवतो, परतताना दुसऱ्या.

एक हिशोब करून पाहा. मुख्य मार्गावर साधारणपणे एका किलोमीटरमध्ये १६६० स्लीपर असतात. एका स्लीपरवर चार क्लिपा, म्हणजे किलोमीटरला ६६४०. बीट सहा किलोमीटरचं धरलं तर जवळपास चाळीस हजार क्लिपा होतात. त्याशिवाय सांध्यांच्या पट्ट्या आणि बोल्ट, वेल्डिंगच्या जागा, पुलावरचे रूळ, खडी सरकली का, पाणी कुठे साचलंय, हे सगळं त्याच फेरीत बघायचं. अण्णा बोल्टवर हातोडा मारून आवाज ऐकायचे. घट्ट असला की खणखणीत, सैल असला की बद्द. वेल्डिंगजवळ केसाएवढी रेघ दिसली तर ती गंजाची आहे की चिरेची, हे ते वाकून, बोट फिरवून ठरवायचे. हे ‘ठरवणं’ लक्षात ठेवा.

आता हवामान. रूळ लांबच लांब वेल्ड केलेले असतात. उन्हाळ्यात पोलाद प्रसरण पावू पाहतं, पण जागा नसते. खडीची पकड कमी पडली तर रूळ आडवा वाकतो. हिवाळ्यात तो आकसू पाहतो आणि तुटतो. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी गस्त, थंडीत उत्तररात्री गस्त, आणि पावसाळ्यात रात्रभर गस्त. इतर लोक ज्या वेळी घराबाहेर पडायचं टाळतात, नेमक्या त्याच वेळी यांची ड्युटी असते. कसारा आणि खंडाळ्याच्या घाटात, कोकण रेल्वेवर पावसाळ्यात दरड कोसळते. तिथे अंधारात बॅटरी घेऊन चालणारा गस्तवाला आधी पोचतो, गाडी नंतर. पुलाच्या खांबावर धोक्याच्या पातळीची खूण असते. पाणी तिथवर आलंय का, हे त्यालाच बघायचं असतं. बीटच्या टोकाला शेजारचा गस्तवाला भेटतो, दोघे नंबरप्लेट बदलतात, म्हणजे दोघांचीही फेरी पुरी झाल्याचा पुरावा.

आणि रूळ तुटलेला सापडला तर? नियम सांगतो, आधी गाडी थांबव, मग दुरुस्ती. तुटलेल्या जागेपासून ६०० मीटरवर रुळावर एक पटाखा लावायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर सावध होतो. म्हणजे एकट्या माणसाने, लाल झेंडी दाखवत, खडीवरून, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिशेने सव्वा किलोमीटर पळायचं. दुहेरी लाइन असेल तर कोणत्या बाजूने गाडी आधी येईल, याचा विचार पळता पळताच करायचा.

या कामाला आपण अकुशल म्हणतो. गंमत अशी की रेल्वेचं स्वतःचं मॅन्युअल तसं समजत नाही. ते सांगतं की अनुभवी माणूस निवडा, त्याला नियम येतात का ते तपासा, चावीवाल्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या जागी जाणकार माणूस पाठवा. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं. कामाला कौशल्य लागतं, हे रेल्वेला पक्कं ठाऊक आहे. ते ज्याच्याकडे आहे, त्याच्या खात्यावर मात्र ते जमा होत नाही.

का होत नाही? इथे मला १९३८ सालात जावं लागतं.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही मांडणी त्यांनी याच भाषणात केली. ती आपण सगळे सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी गँगमनबद्दल काय सांगितलं, ते आपण वाचत नाही. त्यांनी दाखवून दिलं की रेल्वेत अस्पृश्य माणसाच्या वाट्याला गँगमनचंच काम येतं. वर जायला वाट नाही, जन्मभर तिथेच. आणि पोर्टरच्या जागाही त्याला का मिळत नाहीत, याचं कारण दिलं: स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो. अस्पृश्य माणूस घरात कसा चालेल? म्हणून पोर्टर म्हणूनही तो नको.

नीट बघा. नोकरी सरकारची नाहीतर कंपनीची, पण ती कुणाला मिळणार हे साहेबाच्या स्वयंपाकघरातली शिवाशिव ठरवत होती.

आता २०१७. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रेल्वे बोर्डाने आदेश काढला की वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या घरी कामाला असलेल्या कर्मचाऱ्यांना मूळ जागी परत पाठवा. अशा ट्रॅकमनची संख्या तेव्हाच्या बातम्यांमध्ये सुमारे तीस हजार सांगितली गेली. १९३८ मध्ये विटाळ नको म्हणून गँगमनला घरापासून दूर ठेवत होते. ऐंशी वर्षांनी त्यालाच लाइनवरून उचलून बंगल्यावर नेलं जात होतं. दोन्हीकडे गृहीत धरलेलं एकच: त्याचं रुळावरचं काम म्हणजे काही विशेष नाही, एक माणूस कमी झाला तरी चालतं.

फील्डवर्कमध्ये मला लोकांनी बंगल्यावरच्या कामाची वाटणी सांगितली. स्वयंपाकघरात कोण जायचा आणि बागेत, न्हाणीघर-संडास धुवायला कोण, हे आडनाव विचारून ठरायचं. गँगच्या वहीत मात्र दोघांची हजेरी लाइनवर.

आणि एक माणूस कमी झाला तर काय होतं? ताशी १३० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ३६ मीटर अंतर कापते. एक किलोमीटरवर दिसली तर हातात २८ सेकंद. वळणावर तीनशे मीटरवर दिसली तर आठ. आठ सेकंदांत अवजार उचलून, लाइन सोडून बाहेर पडायचं. म्हणून काम चालू असताना शिट्टी घेऊन लुकआउटला माणूस उभा करायचा असतो. मी ज्या गँगबरोबर राहिले तिथे मंजूर जागांच्या निम्मी माणसं होती. लुकआउटला एक उभा केला तर पहार धरायला माणूस पुरत नाही. मग लुकआउटलाही काम करायला लावतात. दुहेरी लाइनवर एका गाडीला वाट द्यायला माणूस शेजारच्या लाइनवर सरकतो आणि तिथे दुसरी गाडी येते. आमच्या चाळीतल्या एका घरातला माणूस असाच गेला. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, कर्मचाऱ्याची बेफिकिरी.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात रेल्वेचे सुमारे १६०० कर्मचारी कामावर असताना मेले, असं त्यात नोंदवलं आहे. गाडी घसरून प्रवासी मेले तर आठवडाभर बातमी चालते, आणि ती चालायलाच हवी. हे सोळाशे एकेकटे मेले, म्हणून बातमी झाली नाही. गाडी येतेय हे वायरलेसवरून आधी कळवणारं ‘रक्षक’ नावाचं यंत्र आहे. मी राहिले त्या गँगकडे ते नव्हतं. २०१७ मध्ये ट्रॅक मेंटेनरना महिना २,७०० रुपये जोखीम आणि कष्ट भत्ता मंजूर झाला. म्हणजे जोखीम मान्य झाली, पण कौशल्य अजून मान्य झालेलं नाही.

कुणी म्हणेल, आता तर सगळ्या जातींची मुलं परीक्षा देऊन गँगमध्ये येतात. खरं आहे. २०१९ मध्ये लेव्हल-१ च्या १,०३,७६९ जागा निघाल्या, त्यांत ट्रॅक मेंटेनरही होते. अर्ज आले एक कोटीहून जास्त. पात्रता दहावी. या खोलीतल्या किती जणांनी असा फॉर्म भरलाय, हात वर करू नका, मला माहीत आहे. मीही भरला होता. पण गँगमध्ये आल्यावर कोण वर्षभरात ऑफिसात बसतं आणि कोण वीस वर्षं पहार धरून राहतं, हे ओळखीवर ठरताना मी पाहिलंय. आणि ओळख कुणाकडे असते, ते तुम्हाला सांगायला नको. प्रवेश परीक्षेने मिळाला, तरी सुटका अजून ओळखीनेच मिळते.

एक एम.एस्सी. झालेला मुलगा मला गँगमध्ये भेटला. तो म्हणाला, “ताई, पहिले सहा महिने मला लाइनवर काहीच दिसत नव्हतं. मुकादमाला चालता चालता दिसायचं.” मुकादम चौथी शिकलेले. मी हे वाक्य प्रबंधात घेतलंय. ‘अकुशल’ हा शब्द काढून टाकलाय.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी सुचवते.

पहिली. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी असं कुठलं तरी काम आहे. कुणाचे वडील गवंडी, कुणाची आई सफाई कामगार. सुट्टीत घरी जाल तेव्हा ते काम विचारा आणि जसं सांगतील तसं उतरवून घ्या. ते किती कष्टाचं आहे एवढंच विचारू नका, ते कसं करतात हेही विचारा. कष्टांवर बोललं की समोरचा हळहळतो. काम कसं होतं ते सांगितलं की त्याला आपलं ऐकावं लागतं.

दुसरी. संशोधनात, अहवालात, असाइनमेंटमध्ये ‘अकुशल’ हा शब्द दिसला की थांबा. हे कुणी ठरवलं, ते विचारा. मी विचारलं नव्हतं, अण्णांनी विचारलं.

तिसरी सगळ्यात सोपी. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, मराठीतही करता येतो. प्रत्येकाने आपल्या घराजवळच्या रेल्वे विभागाला चार प्रश्न विचारायचे. ट्रॅक मेंटेनरच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? गेल्या पाच वर्षांत कामावर असताना त्यातले किती मेले, प्रवर्गनिहाय? सध्या किती जण लाइन सोडून दुसरीकडे कामाला लावले आहेत? आणि गाडी येत असल्याचा इशारा देणारं यंत्र किती गँगकडे आहे? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर अपील. वीस जणांनी वीस विभागांना विचारलं तरी आपल्याकडे अशी यादी तयार होईल, जी आज आपल्या कुणाच्याच हातात नाही.

अर्जाचा नमुना मी आणलाय, पोस्टल ऑर्डरीही आणल्यात. चहा झाला की इथेच बसून भरूया.

जय भीम.