बारवीच्या काठावरून मारा नदीकडे

‘सफारी’ हा शब्द इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने मराठी घरांत आला, त्यामुळे तो पुष्कळांना इंग्रजीच वाटतो. वस्तुतः तो पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला आहे. त्याचा अर्थ नुसता ‘प्रवास’. आणि ज्या अरबी शब्दापासून तो निघाला, त्याच शब्दापासून मराठीतील ‘सफर’ही आलेली आहे. स्वाहिलीत मोटारीला ‘गारी’ म्हणतात; तो शब्द तर हिंदुस्थानातूनच समुद्रापार गेलेला. तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखादा गृहस्थ गळ्यात कॅमेरा अडकवून केनियाच्या माळावर उतरतो, तेव्हा तो अगदीच अनोळखी मुलखात पाऊल टाकतो असे नाही. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जो लोहमार्ग घातला गेला, त्यावर हिंदुस्थानातून नेलेले तीस हजारांहून अधिक मजूर राबले होते. आणि १८९८ साली त्सावो नदीच्या पुलाजवळ दोन सिंहांनी त्यांतील अनेकांचा बळी घेतला होता.

त्या काळी सफारी म्हणजे शिकार, हे ठरलेलेच असे. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्या मुलासह आफ्रिकेत गेले आणि बापलेकांनी मिळून पाचशेहून अधिक जनावरे मारली. मात्र त्याच सुमारास दुसरी एक वाटही पडू लागली होती. शिलिंग्ज नावाच्या जर्मन गृहस्थाने आफ्रिकेतील रात्रीच्या श्वापदांची प्रकाशझोतात घेतलेली छायाचित्रे १९०५ साली पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. हिंदुस्थानात वनखात्यातील अधिकारी चँपियन याने जंगलाच्या पायवाटेवर तार बांधून, वाघाच्याच पायाने वाघाचे चित्र उमटवण्याची युक्ती साधली. त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले. पुढे १९७२ साली भारतात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७७ साली केनियाने शिकारीवर बंदी घातली. बंदूक खाली ठेवली गेली, कॅमेरा हाती आला.

परंतु एवढ्याने श्वापदांचा जाच संपला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. केनियातील मसाई मारा या अभयारण्यात चित्त्यांच्या माद्यांचे जे निरीक्षण झाले, त्याचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या भागात प्रवाशांची वर्दळ थोडी, तेथील मादी आपली सरासरी दोनांहून अधिक पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत वाढवू शकते. जेथे वर्दळ फार, तेथे हे प्रमाण पाच माद्यांमागे एका पिल्लापर्यंत घसरते. या प्रवाशांपैकी कोणाच्याही हाती शस्त्र नसते. पण चित्ता हा दिवसाढवळ्या, डोळ्यांच्या भरवशावर शिकार करणारा प्राणी. त्याच्या भोवती मोटारींचे कोंडाळे झाले की हरणे सावध होतात, धाव फुकट जाते, आणि मारलेली शिकारही तो अर्धवट टाकून निघून जातो. भुकेल्या आईची पिल्ले जगत नाहीत. ज्या देशातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले आणि ज्या देशाने २०२२ साली नामिबियाहून आठ चित्ते आणून कुनोच्या रानात सोडले, त्या देशातील प्रवाशाने तरी ही गोष्ट विसरता कामा नये.

लहान मंडळीने छायाचित्रणाच्या सफारीस जाण्याचा खरा अर्थ येथे कळू लागतो. चार-सहा जणांचा गट म्हणजे श्रीमंतीचा डौल, अशी एक समजूत आहे. खर्च अधिक येतो हे खरे. पण एका मोटारीत तिघे किंवा चौघेच बसले, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही बाजूंची खिडकी मोकळी मिळते. कोणी कोणाच्या खांद्यावरून वाकत नाही, गाडी हलत नाही, आणि चालकाला ‘आणखी थोडे पुढे’ असे विनवण्याचा प्रसंगही कमी येतो. याहून महत्त्वाची गोष्ट एकमताची. मोठ्या जथ्यात एकाला सिंह हवा असतो, दुसऱ्याला न्याहारी, तिसऱ्याला सावली. झुडपाआड निजलेल्या बिबळ्यासाठी दोन तास स्तब्ध बसण्याची तयारी चौघांत जमते, चोवीस जणांत जमत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच घरी बसून चौघांनी करार करावा: कोणत्या प्राण्यासाठी किती थांबायचे, आणि मुख्य म्हणजे, कोणत्या क्षणी चित्र सोडून परतायचे.

मारातील नियम या कराराला पूरकच आहेत. एका श्वापदापाशी एका वेळी पाचाहून अधिक मोटारी असू नयेत, अंतर निदान पंचवीस मीटर राखावे, दुसरे थांबले असतील तर दहा मिनिटांत जागा सोडावी, गाडीतून उतरू नये. नियम कागदावर असतात. ते मोडण्याचा मोह मात्र प्रवाशाच्या बक्षिशीतून जन्मतो. चालकाला पहिल्याच सकाळी कोणी सांगितले की, ‘चित्र हुकले तरी चालेल, जनावर बुजता कामा नये,’ तर त्याच्या मनावरचे ओझे उतरते. आणि तो माणूस जन्मभर त्या रानात वावरलेला असल्यामुळे, घाई नाही असे कळल्यावर अधिक चांगलेच दाखवतो.

ही सवय नैरोबीच्या विमानतळावर उतरल्यावर लागत नाही. ती घराजवळ लावून घ्यावी लागते. आणि त्या बाबतीत कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील ही तीन शहरे भाग्यवान आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर पाहावे. त्यातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ कोरलेला आहे. सकाळी सातला तेथील काळ्या दगडावरील मूर्ती सावल्यांनी उठून दिसतात, त्याच भर दुपारी सपाट आणि निर्जीव भासतात. ज्याने हे दोन्ही प्रहर कॅमेऱ्यातून निरखले, त्याला आफ्रिकेतील चालक पहाटे अंधारातच का उठवतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. मारा विषुववृत्ताच्या अगदी निकट असल्यामुळे बारा महिने सूर्य साडेसहाच्या आगेमागे उगवतो आणि त्याच सुमारास मावळतो. संधिप्रकाश थोडका, आणि चांगला उजेड दिवसातून जेमतेम दोनदा, तास-दीड तासाचा.

बदलापूरपासून जवळच बारवी धरण आहे. त्याच्या भोवतीचे रान म्हणजे या विद्येची दुसरी शाळा. तारेवर बसलेला वेडा राघू उडतो, हवेत किडा टिपतो आणि बहुधा त्याच जागी परत येतो. त्याचा मागोवा घेत एक तास घालवला, तर डोळा आणि बोट यांचा जो मेळ बसतो, तो कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही. नीलपंख तारेवरून जमिनीवर कसा झेपावतो, हे ज्याने शेताच्या बांधावर बसून पाहिले आहे, त्याला माराच्या माळावर त्याचाच जांभळ्या छातीचा भाऊबंद भेटला की तो केव्हा उडेल याचा अंदाज आधीच येतो. उडत्या पक्ष्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ द्यावा लागतो. हे आकडे हातात मुरले पाहिजेत, कारण चित्ता धावू लागल्यावर ते आठवत बसण्यास अवधी नसतो.

तयारीच्या काही गोष्टी अगदीच व्यवहाराच्या आहेत. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी निदान दहा दिवस घेतलेली असावी आणि तिचा दाखला पारपत्राबरोबर जपावा. तो नसेल तर परतल्यावर विमानतळावरच सहा दिवसांपर्यंत अलग राहण्याची पाळी येते. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाची जुनी पद्धत बंद करून आगाऊ मिळवायचा इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना सुरू केला, त्याची व्यवस्था घरूनच करावी. नैरोबीहून लहान विमानाने माराला जावयाचे असेल तर सामान बहुधा पंधरा किलोंत बसवावे लागते. जड तिपाई गाडीत निरुपयोगीच असते. तिच्याऐवजी जाड कापडाची पिशवी न्यावी, तेथे पोचल्यावर ती तांदूळ किंवा कडधान्याने भरावी आणि गाडीच्या कडेवर ठेवून तिच्यावर भिंग टेकावे. जीन्सच्या शिलाईसाठी ज्या उल्हासनगरची ख्याती झाली, तेथे अशी पिशवी शिवून घेणे काही कठीण नाही. धुळीपासून रक्षणासाठी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळण्याची सवय मात्र घरीच ठेवावी. केनियाने २०१७ साली अशा पिशव्यांवर कडक बंदी घातली आहे. साधा सुती अभ्रा तेच काम करतो. आणि लोकरीचा सदराही घ्यावा, कारण तो माळ समुद्रसपाटीपासून पंधराशे मीटर व त्याहून उंच आहे. पहाटे हात गारठतात.

जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत सेरेंगेटीच्या बाजूने नू नावाच्या हरणांचे लक्षावधींचे कळप माराच्या कुरणांकडे येतात. मसाई लोकांच्या भाषेत ‘मारा’ म्हणजे ठिपकेदार. झाडाझुडपांचे आणि ढगांच्या सावल्यांचे ठिपके पडलेला तो विस्तीर्ण माळ पाहिला की नावाची यथार्थता पटते. नदीच्या काठाशी कळप येऊन थबकतो. पाण्यात मगरी असतात, मागून रेटा असतो, आणि पुढच्या जनावरांचा निश्चय होत नाही. तासन् तास असे जातात. याच वेळी समोरच्या काठावर मोटारींनी दाटी केली, तर कळपाची वर चढण्याची वाट बुजते. जनावरे पाण्यातच माघारी वळतात, अवघड कड्याकडे ढकलली जातात, पिल्ले आयांपासून तुटतात. ज्या मंडळीने गाडी दूर ठेवून वाट मोकळी राखली, तिच्या हाती कदाचित लहान आकाराचे चित्र येईल. पण त्या चित्रात नदी असेल, काठ असेल, आकाश असेल, आणि जनावर आपल्या मर्जीने चालत असेल.

ही शिकवण केवळ आफ्रिकेपुरती नाही. जानेवारी २०१९ मध्ये उल्हासनगरच्या भर वस्तीत एक बिबळ्या शिरला होता. वनखात्याच्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून पकडले. असा प्रसंग कोणत्याही गावी आला की गच्च्या माणसांनी भरून जातात आणि शेकडो हात भ्रमणध्वनी उंचावून चित्र घेण्यास धडपडतात. घाबरलेल्या जनावराला पळण्यास वाट उरत नाही. मग तेही जखमी होते, माणसेही होतात. मारा नदीच्या काठी पंचवीस मीटरांचे अंतर राखण्यास जो शिकला, त्याने परत आल्यावर आपल्या गल्लीतील चार मुलांना गच्चीवरून खाली उतरवले, तर त्या प्रवासाचा खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

परतलेल्या प्रवाशापाशी सहस्रावधी चित्रे असतात. त्यांतील बहुतेक पुसून टाकावी, पंचवीस-तीस ठेवावी, एखादे दिवाणखान्यात लावावे. त्या चित्राखाली प्राण्याचे नाव, स्थळ आणि दिनांक लिहिण्याची रीत आहेच. त्याबरोबर, ते घेतले त्या क्षणी त्या श्वापदाभोवती किती मोटारी उभ्या होत्या, हाही आकडा लिहावा. जो तो निःसंकोचपणे लिहू शकेल, त्याने पुढच्या वर्षीच्या मंडळीला खुशाल बरोबर न्यावे.