सूझाफोनचें माउथपीस

लग्नाच्या वरातींत एखाद्या मोठ्या बँडामागें अजगरासारखें पितळी वेटोळें अंगाभोंवतीं घेऊन चालणारा वादक कित्येकांनीं पाहिला असेल. डाव्या खांद्यावर विसावलेल्या आणि डोक्यावरून समोर कर्णा रोखणाऱ्या त्या वाद्याचें नांव सूझाफोन. जॉन फिलिप सूझा (१८५४–१९३२) या अमेरिकन बँडमास्तरांच्या नांवावरून तें पडलें. सर्वसाधारण सूझाफोनचीं सारीं वळणें उलगडलीं तर सुमारें १८ फुटांची नळी होते.

एवढ्या लांब नळीला ओठांशीं जोडणारा भाग मात्र मुठींत मावेल एवढाच. त्याला माउथपीस म्हणतात. सूर नुसत्या फुंकरीनें निघत नाहीं. माउथपीसच्या वाटींत ओठ थरथरतात, तेव्हां तो उपजतो. अमेरिकेंतील शाळांत हें वाद्य बहुधा शाळेच्या मालकीचें असतें आणि पेटींत जें माउथपीस सांपडेल तेंच मुलाच्या वांट्याला येतें. मग ओठ दुखतात, खालचे सूर फाटतात, आणि आपल्या छातींत दमच नाहीं असें समजून पोर वाद्य खालीं ठेवतें. दोष पुष्कळदां छातीचा नसतो.

निवड करतांना सर्वांत आधीं पाहावयाचा तो दांडा, म्हणजे वाद्यांत शिरणारा निमुळता भाग. अमेरिकन पद्धतीचा दांडा बारीक, युरोपीय पद्धतीचा जाड. सूझाफोनला सामान्यतः अमेरिकन लागतो. जाड दांडा पुरेसा आंत जात नाहीं, फार बारीक असला तर नको तितका आंत जातो. दोन्ही प्रकारीं सूर ढळतात. हातानें अलगद बसवल्यावर तो डुगडुगतां कामा नये. ही परीक्षा न करतां वाटीची चर्चा करणें व्यर्थ होय.

मग वाटी. तिचें तोंड साधारणपणें ३१ ते ३३ मिलिमीटर रुंद असतें. एकदोन मिलिमीटरांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. ओठांना तो लगेच कळतो. रुंद वाटींत ओठांना मोकळीक मिळते, खर्ज भरदार लागतो, पण ओठ लवकर थकतात. वाटी नरसाळ्यासारखी खोल असेल तर नाद गोल व गंभीर होतो. उथळ असेल तर उच्चार स्पष्ट येतो. सूझांच्या बँडांत ट्यूबा वाजविणाऱ्या ऑगस्ट हेलेबर्ग यांच्या नांवाचें माउथपीस या खोल जातीचें. नवशिक्यांना बाख कंपनीचें १८ क्रमांकाचें पुष्कळदां सुचविलें जातें. त्याच कंपनीचें '२४ ए डब्ल्यू' अधिक अरुंद व जाड काठाचें असतें. येथें गिऱ्हाइकाची हमखास फसगत होते: बाखच्या पद्धतींत आंकडा जितका लहान, तितकी वाटी मोठी!

मोठ्या वाद्याला मोठेंच माउथपीस हवें, हा समज तर फारच दृढ आहे. दुकानांतल्या पांच मिनिटांत मोठी वाटी मोहिनी घालते. मैलभर कूच केल्यावर तीच ओठांचा अंत पाहते. यासाठीं निदान आठवडाभर तरी परीक्षा घ्यावी. आधीं खालचे सूर लांबवावे, मग वरचे, नंतर एखादी द्रुत गत. सूर मोजणारें यंत्र जवळ असावें, आणि जाणत्या माणसाला दूर उभें करून ऐकावयास सांगावें. कारण वादकाला जवळून जें भारदस्त वाटतें, तें लांबून केवळ गढूळ ऐकूं येतें.

पुष्कळदां तक्रार माउथपीसची नसतेच. सूझाफोनच्या मानेला वळणाचे छोटे जोडतुकडे असतात. ते फिरवून माउथपीस तोंडाकडे आणावें, तोंड माउथपीसकडे नेऊं नये. मान वांकवून वाजविणाऱ्याला कोणतीही वाटी टोंचणारच.

जुनें माउथपीस घेतांना काठावरून बोट फिरवून खांचा पाहाव्या. चांदीचा मुलामा उडून उघडें पडलेलें पितळ कित्येकांच्या ओठांना सोसत नाहीं. कडाक्याच्या थंडींत धातूचा काठ ओठ गारठवतो, म्हणून तिकडे कूच करणारे कित्येक वादक प्लॅस्टिकचें माउथपीस वापरतात. आणि तें वाद्यांत अडकलेंच, तर पक्कड लावूं नये. नळी पिळली जाते. तें ओढून काढण्याचें खास हत्यार वाद्यें दुरुस्त करणाऱ्याजवळ असतें.