नाव बचत गटाचं, माल कोणाचा?
(सावदा येथे संघाच्या सभेत क्षेत्र समन्वयकाने केलेले भाषण)



आज बोलायचंय ते अंगणवाडीच्या खाऊवर. तुम्ही म्हणाल, त्यात काय भाषण करायचं? पण सरकारचं काम आपल्या गटाकडे येतं कसं आणि निसटतं कसं, हे त्या एका पाकिटात दिसतं.

आपल्या राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या 1 मे 1962 ला. पुढे 73वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि पंचायतींकडे द्यायच्या 29 विषयांची यादी घटनेत आली. पिण्याचं पाणी, आरोग्य, महिला-बालविकास, सगळं त्यात आहे. म्हणजे कागदावर कारभार गावापर्यंत उतरला.

खरेदी मात्र वरच राहिली! सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2004 मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको. गावातली मंडळी, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडून धान्य घ्या, रांधून घ्या. मग आपल्याकडे काय झालं? ठेकेदार दाराने गेला अन् खिडकीने आला. न्यायालयानेच नेमलेल्या आयुक्तांनी 2012 मध्ये दाखवून दिलं की काही महिला मंडळांचं फक्त नाव पुढे होतं, कारखाने खाजगी कंपन्यांचे होते.

पुढे मार्च 2016 मध्ये राज्याने घरपोच आहाराचं टेंडर काढलं. कितीतरी प्रकल्प एकत्र बांधलेले, वर उलाढालीची अट. दहा-बारा बायांच्या गटाने एवढी उलाढाल आणायची कुठून? एका महिला बचत गटाने ते प्रकरण थेट दिल्लीपर्यंत नेलं आणि 26 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने ते टेंडर रद्द केलं. गटाचं नाव वैष्णोराणी महिला बचत गट. हे नाव लक्षात ठेवा.

केरळमध्ये गोष्ट वेगळी घडली. तिथे 1996 पासून योजनेच्या पैशातला सुमारे 35 ते 40 टक्के वाटा पंचायती आणि नगरपालिकांकडे दिला गेला. 1998 मध्ये कुटुंबश्री उभी राहिली. तिथल्या बायांची छोटी युनिटं अंगणवाडीचं पोषक पीठ स्वतः तयार करतात. त्या काही आपल्याहून हुशार नाहीत हो. फरक एवढाच, की काम आणि पैसा दोन्ही सोबत खाली आले.

आपल्याकडे बरेचदा काम आधी येतं. शाळेतला भात शिजवणाऱ्या आपल्या बायांना विचारा: गॅस आज लागतो, भाजी आज लागते, बिल निघतं महिन्यांनी. तोवर किराणा दुकानदाराचं तोंड चुकवायचं ते आपणच. म्हणून काम घेऊच नका, असं मी म्हणत नाही. घ्या. पण रावेरचा भाव काय निघाला ते विचारल्याशिवाय आपण केळी कापू देत नाही ना? मग करारावर सही करताना का नाही विचारत? दर काय, पैसे किती दिवसांत मिळणार, माल कोण देणार. आणि कोणी म्हणालं, "ताई, तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो," तर ती सही करू नका. शिक्का पेटीत कुलूप लावून ठेवा.

अजून एक भीती मला वाटते. गट काम करायला लागला की ग्रामसभेत बायांचा आवाज बसतो. सरपंच नाराज होईल, काम जाईल, असं वाटतं. पण गटाची सदस्य असली तरी तुम्ही ग्रामसभेच्या मतदार आहातच, तो हक्क काही करारात लिहून दिलेला नाही.

प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यात आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी असतात. ते कशावर गेले, हे तिथे विचारा आणि रजिस्टरात लिहून घ्या. सावदा शहरातल्या तायांना ग्रामसभा नाही, नगरपालिका आहे. त्यांचा अर्ज वेगळा करावा लागेल.

पुढच्या मासिक बैठकीला येताना थकलेल्या बिलांच्या तारखा लिहून आणा. सगळ्या गावांचं मिळून एकच पत्र करू.