चकतीवरचं चित्र

सिनेमाच्या डीव्हीडीवर छापायचं चित्र गोल, आणि ऐन मध्यावर भोक! पोस्टर जसंच्या तसं उचलून तिथे बसवलं, की नायकाचं नाक गेलंच म्हणून समजा. चकतीचा व्यास १२० मिलिमीटर. फोटोशॉप किंवा फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्ये इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ते साधारण १४१७ पिक्सेल होतात. कॅनव्हास याहून थोडा मोठाच घ्या आणि रंग काठाबाहेर जाऊ द्या. नाहीतर छपाई जराशी सरकली तरी कडेला पांढरी रेघ दिसते. भोक १५ मिलिमीटरचं, पण त्याभोवतीचं पारदर्शक कडंही बहुधा कोरंच राहतं. म्हणून नाव वर, चेहरे बाजूला. कागदी लेबलच्या फंदात मात्र पडू नका. ते तिरकं बसलं, तर फिरताना चकतीचा तोल जातो.