आश्विन पौर्णिमेचे भोजन : हलके आणि हिताचे

(विहाराच्या महिला मंडळापुढे वर्षावास काळात केलेले भाषण)



मंडळातल्या बायांनी मला सांगितले, "ताई, यंदा तुम्ही स्वयंपाकावर बोला." मी म्हटले, विहारात धम्मावर बोलायचे सोडून स्वयंपाकावर काय बोलायचे? पण आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आता आश्विन पौर्णिमेला संपेल. त्याच्या पाच दिवस आधी अशोक विजयादशमी, आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन. या दोन्ही दिवशी आपल्याकडे पंगती उठतात, भिक्खू संघाला भोजनदान होते. तेव्हा ताटात काय वाढतो, हाही धम्माचाच प्रश्न आहे असे मला वाटते.

माझ्या सासूबाई १९५६ साली सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. १४ ऑक्टोबरला त्या गावच्या माणसांबरोबर नागपूरला होत्या. दीक्षा घेतल्यावर झाडाखाली बसून त्यांनी काय खाल्ले? फडक्यात बांधून आणलेली ज्वारीची भाकर, लाल तिखट आणि कांदा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे त्यांचे पहिले जेवण ते.

त्याच सासूबाईंना पुढे साखरेचा आजार झाला. डॉक्टरांनी गोड आणि तळलेले बंद केले. पण आश्विन पौर्णिमेला त्यांनी पाच पुऱ्या आणि दोन वाट्या खीर घेतली. मी हात धरला तर म्हणाल्या, "सणाला कोण मोजतं बाई? माझ्या आजीनं पाटलाच्या दारचे शिळे तुकडे झोळीत आणले. आता ताटात पुरी दिसली तर तूच नको म्हणतेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन वर्षांनी त्यांच्या पायाची जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. २०११ साली त्या गेल्या. एका दिवसाच्या पुरीने गेल्या असे मी म्हणत नाही. पण आपल्याकडे आता नामकरण, लग्न, वाढदिवस, जयंती धरून वर्षात असे दिवस किती येतात ते तुम्हीच मोजा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचे दिसले. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि शेवटच्या वर्षांत त्याने त्यांची प्रकृती फार खालावली होती, हे आपण सारे जाणतो.

सासूबाईंना तेव्हा जे सांगता आले नाही ते आज सांगते. ते शिळे तुकडे लादलेले होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले, तेव्हा आपल्या आयाबायांनी भूक सोसून ते सोडले. म्हणजे विचार करून अन्न बदलणे आपल्याला नवीन नाही. उपाशीपणाने भाकर खाणे वेगळे आणि पुरी परवडत असताना भाकर निवडणे वेगळे.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. तो द्रोणभर भात जेवून धापा टाकत भगवंताकडे आला. भगवंतांनी त्याला उपाशी राहा असे सांगितले नाही. मात्रा ओळखून जेवणाऱ्याचे शरीर हलके राहते, अशा अर्थाची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला. यालाच पालीत 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात.

आता हिशेबाचे बोलते. तीन वर्षांपूर्वी विहारात दोनशे माणसांची पंगत होती. पंधरा किलोचा तेलाचा नवा डबा फोडला. रात्री मी वजन केले, तीन किलो उरले होते. म्हणजे बारा किलो संपले, माणशी साठ ग्रॅम! एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी. नुसत्या तेलाच्याच पाचशे चाळीस झाल्या. थोडे सांडले, जळले असे धरा, तरी एका जेवणाला ते फारच.

गेल्या वर्षी आम्ही बेत बदलला. दोनशे भाकरी-पोळ्या कोण करणार, हा पहिला प्रश्न आला. चाळीस घरांनी दहा-दहा ज्वारीच्या भाकरी आणल्या. चारशे झाल्या, माणशी दोन. बटाट्याच्या तर्रीच्या भाजीऐवजी लाल भोपळ्याची भाजी, तो या दिवसांत स्वस्त मिळतो. पाच किलो मटकी आठ तास भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले. मटकी आधी वाफवून घ्यावी आणि फोडणी नंतर द्यावी, तेल निम्मे लागते. सोबत तुरीचे वरण, थोडा भात, काकडीची कोशिंबीर आणि ताक. कोशिंबिरीत दही वाढायच्या वेळीच घालावे, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात ती आंबते. पापड तळले नाहीत, भाजले. सगळे मिळून तेल लागले तीन किलो.

खीर सोडायची नाही. सुजाताची खीर आपण कशी सोडू? पण बासुंदीसारखी आटवू नका. पंचवीस लहान वाट्यांसाठी पाव किलो लापशी रवा थोड्या तुपावर भाजा, सव्वा लिटर पाण्यात मऊ शिजवा, दोन लिटर दूध घालून एक उकळी आणा. आच बंद करून जरा निवल्यावर तीनशे ग्रॅम किसलेला गूळ घाला. गरम दुधात गूळ पडला तर दूध फाटते. वेलची घाला. एक लक्षात ठेवा, गूळ म्हणजे औषध नव्हे, साखर असलेल्यांना तोही बेतानेच.

भन्तेजी समोर आहेत म्हणून संकोचाने बोलते. भिक्खू मागत नाहीत, पात्रात पडेल ते घेतात, आणि तेही दुपारी बारापूर्वीच. त्यांच्या पथ्याची काळजी दात्यानेच घ्यायची असते. आणि जे उपासक अष्टशील पाळून दुपारनंतर जेवत नाहीत, त्यांना साखरेची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गेल्या वर्षी एक मावशी म्हणाल्याच, "यंदा समितीनं हात आखडता घेतला वाटतं." मी म्हटले, मावशी, बसा, खा, मग बोला. त्या दोन भाकरी खाऊन उठल्या आणि म्हणाल्या, "जेवल्यावर धम्मदेसना ऐकताना डुलकी नाही आली बाई!" सगळे हसले. यंदा त्यांनी आपणहून वीस भाकरी आपल्याकडे घेतल्या आहेत.

तेव्हा यंदाही प्रत्येक घरातून दहा भाकरी याव्यात, एवढीच विनंती करून माझे चार शब्द संपवते.

जयभीम! नमो बुद्धाय!