काळ्या घोड्याचा कर्ता



सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या गडचिरोलीकडील शाळेची सहल घेऊन मी मुंबईस गेलों होतों. भायखळ्याच्या राणीच्या बागेंत ब्राँझच्या एका प्रचंड घोडेस्वारापाशीं मुलें थबकलीं. "हा सातवा एडवर्ड बादशहा," असें मीं ऐटींत सांगितलें. भामरागडकडील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आमच्या देवाचा घोडा इंद्रावतीपलीकडच्या घडव्यानें ओतला. हा कुणी केला?"

त्या पोरानें ओतकाम डोळ्यांनीं पाहिलें होतें. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे बसवावयाचे, वरून मातीचा लेप द्यावयाचा. भट्टींत मेण वितळून गेलें कीं त्या पोकळींत पितळ ओतावयाचें. घोडा कुणाच्या तरी हातून होतो, हें त्याला ठाऊक होतें. मला मात्र उत्तर येईना. इतिहासाच्या मास्तराची ती फजिती निवृत्तीनंतरहि टोचत राहिली. म्हणून आज उशिरानें उत्तर देत आहें.

त्या शिल्पकाराचें नांव जोसेफ एडगर बोम. जन्म १८३४ सालीं व्हिएन्ना शहरीं. वडील तेथील टांकसाळीचे प्रमुख व नामांकित पदककार. १८६२ सालीं तो लंडनला स्थायिक झाला. घोडे घडविण्यांत त्याचा हातखंडा. पुढें १८८१ मध्यें तो व्हिक्टोरिया राणीचा दरबारी शिल्पकार झाला. १८८७ च्या ज्युबिली नाण्यांवरील राणीचा मुखवटा त्याचाच. त्यावरचा मुकुट इतका चिमुकला कीं इंग्लंडांत त्याची यथेच्छ थट्टा झाली! १८९० सालीं तो वारला.

एडवर्ड युवराज असतांना १८७५ सालीं हिंदुस्थानांत आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससून या धनिकानें स्वखर्चानें हा पुतळा करवून मुंबईस दिला, व १८७९ सालीं तो उभा राहिला. पण लोकांची दृष्टि पाहा! स्वार भावी बादशहा, पैसा ससूनचा, आणि नांव पडलें तें जनावराचें: काळा घोडा. १९६५ सालीं पुतळा हलवून भायखळ्यास नेला, तरी जागेचें नांव हललें नाहीं. २०१७ सालीं तेथें नवा घोडा उभारला, तोहि स्वाराविना. बोमला हा न्याय आवडला असता, असें मला आपलें वाटतें.

आतां दुसरी चूक कबूल करतों. इंद्रावतीपलीकडच्या त्या घडव्याचें नांव त्या मुलाला बहुधा ठाऊक असावें. मीं तें विचारलेंच नाहीं.